कवाडीवरची हाक

फार म्हणजे फार वर्षांपूर्वी, रान जेव्हा माणसांच्या परसापर्यंत आलेलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. गावाचं नाव विचारू नका, मलाही ते कुणी सांगितलेलं नाही. डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याच्या कडेने पसरलेलं एक गाव होतं आणि त्या गावात रवळू नावाचा शिकारी राहत होता, एवढं कळलं की पुरे.

माणूस लाखात एक. ठासणीची जुनी बंदूक होती त्याच्याकडे, आणि नेम असा की बार उडाला म्हणजे काम झालंच समजायचं. पण नेमापेक्षाही त्याचं मन मोठं होतं. रानडुकरं रातोरात उभं पीक आडवं करायची. मग सकाळी कुणीतरी डोळ्यांत पाणी आणून रवळूच्या दारात उभं राहायचं. "रवळूदादा, माझी नाचणी गेली रे!" असं म्हणायचा अवकाश, हा ताटावरून उठलाच. त्याची बायको गोदा ओरडायची, "अहो, निदान हात तरी धुवा!" तोवर हा बंदूक खांद्यावर टाकून वळणाच्या पलीकडे गेलेला असायचा.

शिकार झाली की वाटे पडायचे. रान उठवायला हाका घालणाऱ्यांना वाटा, कुत्र्यांना वाटा. रवळू स्वतः सगळ्यांइतकाच घ्यायचा, आणि गावात कुणी आजारी, कुणी एकटं असलं की आपल्यातलाही अर्धा तिकडे पोहोचवायचा. आता असा माणूस कुणाला आवडणार नाही, सांगा बरं!

पण एक खोड होती. ती होती म्हणून तर ही गोष्ट आहे.

रवळूला कुणाचा बांध म्हणून दिसायचाच नाही. डुकराच्या मागे धावायला लागला की समोर कुणाचं कुंपण आहे, कुणाचा भाजीचा वाफा आहे, कुणाच्या मिरच्या वाळत पडल्यात, याचं त्याला भान नसायचं. कुंपण मोडायचा, वाफे तुडवायचा, कवाडी उघडायचा आणि तशीच सताड ठेवून पुढे जायचा. मग त्या उघड्या कवाडीतून गुरं आत शिरायची आणि डुकराने ठेवलं असेल नसेल तेवढंही फस्त करायची. कुणी भीत भीत बोललंच तर हा हसून म्हणायचा, "अरे, डुकराला कुठे बांध कळतो? मग मी कशाला बांध बघत बसू?"

लोक गप्प बसायचे. उद्या आपल्यालाच याच्या दारात जायचंय, उगाच वाईटपणा कशाला घ्या, असा सगळ्यांचा हिशोब. खरं सांगायचं तर रवळूला बिघडवलं ते या गप्प बसणाऱ्यांनी. माझा त्यांच्यावर जास्त राग आहे.

त्यात गावाची एक जुनी रीत होती. कापणी झाली, धान्य घरात आलं, की गुरं मोकळी सोडायची. मग शेत याचं की त्याचं, कुणी विचारायचं नाही. माघ-फाल्गुनात सगळं रान सगळ्यांचं. फक्त ज्या जमिनीभोवती दगड रचून गडगा घातलेला असे आणि कवाडीला आडव्या काठ्या लावलेल्या असत, ती जमीन बारा महिने मालकाची. तिथे गुरंसुद्धा जायची नाहीत. रवळूने मात्र रीतीचा आपल्याला सोयीचा तेवढा अर्धा भाग लक्षात ठेवला होता आणि उरलेला सोडून दिला होता.

असा गडगा घातलेली जमीन होती आवडाक्काची.

आवडाक्का म्हणजे गावाबाहेर ओढ्याजवळ एकटी राहणारी, सुपारीसारखी टणक बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. गडग्याच्या आत तिचं घर, थोडी भाजी, आणि टोकाला एक अवाढव्य चिंच. चिंचेखाली पुरुषभर उंच गवत माजलेलं. आक्काचा नियम एकच होता. कुणीही यावं, पण कवाडीवर उभं राहून हाक मारावी, "आक्का, येऊ का?" आतून "ये" आलं की यावं. नाही आलं तर परत जावं. बायका लाकूडफाट्याला यायच्या, पोरं चिंचांना यायची, सगळे हाक मारायचे, आणि आक्काने कधी कुणाला रिकाम्या हाताने परत पाठवलं नाही.

रवळू मात्र एकदा ससाणा झेपावावा तसा गडग्यावरून आत उतरला. उतरताना वरचे दोन-चार दगड ढासळले. समोर आक्का कमरेवर हात ठेवून उभी.

"काय रे, कवाडी दिसली नाही वाटतं?"

"डुकराच्या मागे आहे आक्का, बाजूला हो."

"डुक्कर गेलं तिकडून. आधी दगड उचल, जागेवर लाव."

"कापणी झालीय आता! आता कसला तुझा गडगा आणि कसलं काय? रान सगळ्यांचं आहे."

"गडग्याच्या बाहेरचं. आतलं माझं."

रवळू चिडला. "असं काय सोनं पुरून ठेवलंयस गं त्या गवतात? सगळ्या गावाची पिकं राखतो मी, आणि तुझ्या दारात भिकाऱ्यासारखा हाका मारत उभा राहू?"

"सोनंबिनं काही नाही," आक्का शांतपणे म्हणाली. "नुसतं गवत आहे. पण माझं आहे. आणि डुकराला बांध कळत नाही म्हणून तर तू त्याला मारायला निघालास ना? मग तूही तसाच वागलास तर तुझ्यामागे कुणाला पाठवायचं?"

दगड न उचलताच रवळू फणफणत निघून गेला आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद झालं. वाटेत आक्का दिसली की हा आभाळाकडे बघायचा. आक्का स्वतःशीच हसायची आणि पुढे जायची. तिचा काही राग नव्हता हो. पण दगड तिने स्वतः उचलून लावले, आणि नियमही सोडला नाही.

त्याच हिवाळ्यात रवळूची लेक शेवंती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. एकुलती एक पोर. रवळूचा जीव की प्राण. ती आल्यापासून हा माणूस कामातून गेला होता. "शेवंते, ऊन लागतंय का? शेवंते, दूध प्यायलीस का? शेवंते, उठू नकोस, मी देतो." शेवटी गोदाच वैतागून म्हणाली, "बाळंतपण तिचं आहे की तुमचं?"

शेवंतीला डोहाळे लागले आंबटाचे. आणि आंबट म्हणजे आवडाक्काची चिंच. लहानपणापासून ती त्या झाडाखाली वाढलेली. बाबांचं आणि आक्काचं भांडण तिला ठाऊक होतं, पण चिंचेपुढे भांडणाची काय कथा! दिवसाआड ती कवाडीवर जायची, हाक मारायची, आणि आक्का "ये गं बाय" म्हणून दारातून धावत यायची.

एक दिवस काय झालं, रवळू अंगणात बसून पाळण्याची दोरी वळत होता. त्या दिवशी गावातली इतर माणसं त्याला न घेताच पारधीला गेली होती. गोदाने परसात पोह्याचे पापड वाळत घातले होते. शेवंती डोक्याला तेल लावून, केस मोकळे सोडून, न्हाणीच्या दाराशी पाटावर बसली होती. आणि एकाएकी मागचं कुंपण कडाकडा मोडलं. आधी कुत्री आली, मागून काठ्या घेतलेली माणसं आली. पापडांवरून, फुलझाडांवरून, तुळशीला वळसा घालून सगळी टोळी परसातून अंगणात आणि अंगणातून बाहेर. एका कुत्र्याचा धक्का शेवंतीला लागला. ती पाटावरून कलली आणि भिंतीला धरून कशीबशी सावरली.

रवळूच्या हातातली दोरी गळून पडली. तो असा काही ओरडला की पुढे गेलेली माणसंसुद्धा जागच्या जागी थांबली.

"अरे, घर आहे की धर्मशाळा? माझी पोर बसलीय इथे, दिसत नाही? कुणाला विचारून घुसलात?"

टोळीतला एक जण धापा टाकत, अगदी सहज म्हणाला, "दादा, डुकराच्या मागे आलो ना! डुकराला कुठे कुंपण कळतं? तूच तर म्हणतोस."

त्याच्या मनात टोचायचं वगैरे काही नव्हतं. तो बिचारा मनापासून बोलला, आणि सगळे पुढे पळाले. मग रवळूने खाली बसून मोडलेले पापड गोळा करायला घेतले.

संध्याकाळी शेवंती त्याच्याजवळ येऊन बसली. "बाबा, एवढा राग कशाचा आला? पापडांचा?"

"पापड गेले खड्ड्यात," रवळू म्हणाला. "विचारलं नाही गं त्यांनी. एका शब्दाने विचारलं असतं तर मीच मागचं दार उघडून दिलं असतं. तुला आत नेऊन बसवलं असतं. माझ्याच घरात मला कुणी मोजलंच नाही, असं वाटलं बघ."

शेवंती हळूच म्हणाली, "आक्कालासुद्धा असंच वाटलं असेल, नाही?"

रवळूने मान फिरवली. पण पोरगी काय बोलली ते त्याच्या मनात पुरतं उतरलं. आक्काकडे जाऊन दोन शब्द बोलावेत असं त्याला वाटलं, अगदी वाटलं. पण मानी माणसाला चूक कळायला जितका वेळ लागतो त्याहून जास्त वेळ ती कबूल करायला लागतो. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणत त्याने दिवस घालवले.

आणि मग आली ती सकाळ.

डोंगरावर एक एकांडा सुळेवाला आला होता. तसलं डुक्कर गावाने पाहिलं नव्हतं. त्याने कितीतरी शेतं उकरली होती, एका गरिबाच्या बैलाचं पोट फाडलं होतं, आणि दोनदा रवळूच्या बारातून निसटला होता. गावात कुजबुज सुरू झाली होती की रवळूदादाचा नेम आता म्हातारा झाला. रवळूने ते ऐकलं होतं. या सुळेवाल्याला लोळवल्याशिवाय गावाला तोंड दाखवणार नाही, असं तो चारचौघांत बोलून बसला होता. त्या सकाळी गावातली झाडून सगळी माणसं ढोल, पत्र्याचे डबे, कुत्री घेऊन, डोंगर हाकून डुक्कर उठवायला निघाली.

आता, बाळांनो, एक गोष्ट मी तुम्हांला सांगून ठेवतो. ती रवळूला ठाऊक नव्हती. तो घरून निघाल्यावर शेवंतीला चिंचेची आठवण झाली. आईला सांगून ती आक्काकडे गेली, कवाडीवर हाक मारली, आत गेली. थंडी होती म्हणून अंगावर बापाचं जुनं काळं घोंगडं. चिंचेखालच्या उंच गवतात ती खाली बसली आणि पडलेल्या चिंचा वेचू लागली. आक्का म्हणाली, "तू वेच, मी चुलीवरची पेज बघून येते." आणि ती घराकडे गेली. ढोल लांब वाजत होते. आक्काला वाटलं, आज पारध पलीकडच्या अंगाला आहे. ठेवलंत ना ध्यानात? आता पुढचं ऐका.

सुळेवाला उठला. पण पलीकडच्या अंगाला न जाता तो ओढ्याच्या दिशेने सुटला. कुत्री मागे, माणसं मागे, सगळ्यांच्या पुढे रवळू. बंदूक ठासलेली, घोडा ओढलेला. ओढ्याच्या वळणावर डुक्कर झाडीत दिसेनासं झालं. रवळू धावत आला तो थेट आक्काच्या गडग्याशी. आणि गडग्याच्या आत, चिंचेखाली, उंच गवत हललं.

गवताच्या पात्यांमधून काळं काहीतरी दिसलं. पुन्हा गवत हललं.

रवळूने बंदूक उचलली. अंतर इतकं थोडं की त्याच्यासारख्याचा नेम चुकणं शक्यच नव्हतं. मागून माणसं येऊन पोहोचली होती, दबक्या आवाजात कुजबुजत होती. "दादा, तोच! काळा दिसतोय बघ! हाण दादा, आता सोडू नकोस!"

त्याचं बोट चापावर गेलं. गडग्यावर पाय ठेवण्यासाठी त्याने एक पाय उचलला. आणि पाय दगडावर पडला तेव्हा त्याला एकदम आपलं परस आठवलं. मोडलेले पापड, भिंतीला धरून उभी असलेली शेवंती. इथेही कुणीतरी आहे, ज्याला आपण मोजलेलं नाही, असं त्याच्या मनात आलं. गवत कुणाचं आहे ते त्याला ठाऊक होतं. मग गवतात काय आहे, हे सांगायचा हक्कही तिचाच की.

रवळूने पाय खाली घेतला. घोडा सावकाश उतरवला, बंदुकीचं तोंड जमिनीकडे केलं.

"अरे दादा, काय करतोस?" माणसं कळवळली. "जाईल ना तो!"

"जाऊ दे," रवळू म्हणाला. गडग्याच्या कडेने चालत तो कवाडीवर गेला, आडव्या काठीवर हात ठेवला आणि मोठ्याने हाक मारली, "आक्काऽऽ! मी रवळू! आत येऊ काऽऽ?"

उत्तर आलं नाही. मागे कुणीतरी फिसकन हसलं. कुणी कपाळावर हात मारून घेतला. रवळूची कानशिलं लाल झाली. तरी त्याने पुन्हा हाक मारली.

"आक्काऽऽ! कुणी आहे का आतऽऽ?"

"ओऽऽ!"

हाक आली ती घरातून नव्हे. चिंचेखालच्या गवतातून आली. गवत बाजूला झालं, काळं घोंगडं उभं राहिलं, आणि त्याच्यावर शेवंतीचं तोंड दिसलं. गालात चिंच, ओच्यात चिंचा.

"मी आहे, बाबा! आक्का पेज बघायला गेलीय!"

कुत्री खाली बसली. ज्याने "हाण दादा" म्हटलं होतं, त्याच्या हातातली काठी गळून पडली.

रवळूने बंदूक जमिनीवर ठेवली. ठेवली म्हणजे काय, आपल्यापासून लांब सरकवली. मग कवाडीला पाठ टेकून तो धुळीत बसला, दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि गावासमोर, लहान पोरासारखा, ओक्साबोक्शी रडला. एवढा मोठा शिकारी, पण कुणीही हसलं नाही. जे मघाशी हसले होते ते सगळ्यांत आधी मान खाली घालून उभे राहिले. जी माणसं रोज कुणाच्या ना कुणाच्या कुंपणावरून उड्या मारत होती, त्यांतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आपापलं घर आलं असावं.

डुकराचं काय झालं म्हणता? ते केव्हाच ओढ्याच्या पात्रातून पलीकडच्या रानात पसार झालं होतं. पुढे कधीतरी मिळालंही. पण त्या दिवशी त्याची आठवण कुणाला होती?

शेवंतीला काहीच समजेना. पोट सांभाळत, गवतातून वाट काढत ती कवाडीपर्यंत आली. "बाबा, काय झालं? लागलं का कुठे? डुकराने मारलं का?"

रवळूने मान हलवली. त्याने फक्त काठ्यांमधून हात आत घालून तिचा चिंचेने चिकट झालेला हात धरला आणि धरूनच ठेवला.

इतक्यात आवाज ऐकून आवडाक्का आली, हातात पेजेची पळी तशीच. तिने गडग्याबाहेर उभी असलेली माणसं पाहिली, जमिनीवरची बंदूक पाहिली, चिंचेकडे पाहिलं, शेवंतीच्या अंगावरचं काळं घोंगडं पाहिलं. सगळं तिच्या लक्षात आलं. पळी तिच्या हातातून पडली आणि तिने शेवंतीला एकदम पोटाशी घेतलं. बराच वेळ ती पोरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग पदराने स्वतःचे डोळे पुसले आणि बाहेर बसलेल्या रवळूकडे बघितलं.

शेवंती म्हणाली, "असे धुळीत काय बसलात, बाबा? या ना आत."

रवळूने नाक पुसलं. एकदा लेकीकडे बघितलं, एकदा आक्काकडे, आणि जागचा न हलता म्हणाला, "आक्का अजून 'ये' म्हणाली नाही."

आवडाक्का हसली, रडली, काय करावं ते तिलाच कळेना. कवाडीच्या काठ्या एकेक करून बाजूला सारत ती म्हणाली, "ये रे माझ्या राजा, ये. कधीची वाट बघतेय मी तुझ्या हाकेची."

तात्पर्य, लहानांनी ऐकावं आणि मोठ्यांनी मनाशी धरावं ते हे: शिकार कितीही जवळ दिसली तरी दुसऱ्याच्या हद्दीत विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये, कारण कुंपणाच्या आत कुणाचा जीव आहे हे बाहेरच्याला कधीच ठाऊक नसतं, आणि तो जीव आपल्याच माणसाचा असू शकतो.